तळ्याच्या अलीकडचा उतार

बर्फ पांढरा असतो, थंड असतो आणि ऊन लागलं की वितळतो, एवढ्या भांडवलावर मी साताऱ्याच्या एका मुलींच्या शाळेत तेहेतीस वर्षं भूगोल शिकवला. 'हिमस्खलन म्हणजे काय?' हा प्रश्न दोन मार्कांना असायचा. 'पर्वताच्या उतारावरून बर्फाचा मोठा थर वेगाने खाली घसरणे' असं लिहिलं की मी दोन्ही मार्क देऊन टाकत असे. यंदाच्या फेब्रुवारीत अमेरिकेत जाऊन आले आणि आता त्या सगळ्या मुलींना गाठून सांगावंसं वाटतं की बायांनो, तुमच्या बाईंना काहीसुद्धा माहीत नव्हतं. त्या मुली आता कुठे सापडायच्या! म्हणून हे लिहायला घेतलंय. तिकडे न गेलेल्यांनी वाचावं, आणि जाणार असलेल्यांनी तर वाचावंच.

रेडमंड

माझा धाकटा भाऊ श्रीरंग रेडमंडला असतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिथे राहणारे बहुतेक सगळेच असतात. मी पोचले त्या दिवशी पाऊस होता, दुसऱ्या दिवशी होता, आठवड्यानंतरही होता. छत्री मात्र कोणी उघडत नव्हतं. माणसं डोक्यावर टोपी ओढून शांतपणे भिजत बसथांब्यावर उभी. मी साताऱ्याहून नेलेली फोल्डिंगची छत्री उघडून चालायला निघाले की लोक कौतुकाने बघत.

श्रीची मुलगी मीरा पंचवीस वर्षांची. तिथेच जन्मली, तिथेच शिकली, एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. मराठी तिला सगळं कळतं, बोलताना मात्र निम्म्या वाटेत इंग्रजीवर उतरते. हिवाळ्यात सुट्टी मिळाली की ती डोंगरात जाते. रिसॉर्टमध्ये नाही. जिथे रस्ता नाही, हद्दीचा खांब नाही, दोरी नाही, अशा बर्फात. हे ऐकल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. दरवर्षी चाळीस-चाळीस पोरी घेऊन मी सह्याद्रीतले गडकिल्ले चढलेली बाई. बासष्टाव्या वर्षीही गुडघे शाबूत आहेत, हे मी येईल त्याला सांगत असते.

"मीरे, मला तुझा हिवाळ्यातला डोंगर दाखव."

"शुअर, आत्या. पण माझे रूल्स."

रूल्स म्हणजे काय ते शनिवारी सकाळी कळलं. तिने आम्हा दोघा भावंडांना परसात उभं केलं आणि प्रत्येकाच्या छातीवर पट्ट्याने एक यंत्र बांधलं. साबणाच्या डबीपेक्षा थोडं मोठं. त्याला बीकन म्हणतात. डोंगरात असेपर्यंत ते सतत संदेश सोडत राहतं. कोणी बर्फाखाली गाडलं गेलं तर वर राहिलेल्यांनी आपापल्या बीकनचं बटण फिरवून ते 'शोध'वर न्यायचं. मग त्यावर बाण आणि मीटरमधलं अंतर सांगणारे आकडे दिसतात. आकडा कमी होत जाईल तसं जवळ जायचं. शेवटी घडीची लांब सळई जोडून बर्फात खुपसत जायचं. सळई माणसाला लागली की खणायचं.

"लागली की म्हणजे? माणसाला टोचायची?"

"येस, आत्या. टोचायची. आणि ती तिथेच ठेवायची, काढायची नाही."

मी हादरले. आमच्या सहलीच्या तयारीत ग्लुकोजचा पुडा, बँडेज आणि शिट्टी असायची. इथे पोरगी सकाळी सकाळी आम्हाला एकमेकांची प्रेतं शोधायला शिकवत होती. तसं मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, "प्रेतं नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं माणूस जिवंत असतो. म्हणून आपणच शोधायचं. मदत येईपर्यंत लेट होतं."

तिने एक बीकन कुंपणाच्या झुडपात लपवलं आणि मला शोधायला लावलं. मी दोनदा शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या डब्याकडे गेले. श्रीने माझा व्हिडिओ काढला आणि हसून लोळला. तिसऱ्या वेळी जमलं. श्रीची पाळी आली तेव्हा तो "चहा उकळतोय" म्हणून आत सटकला. "बाबा, धिस इज नॉट अ जोक!" असं मीरा ओरडली. श्रीने आतून आल्याचा चहा आणला आणि विषय तिथेच संपला.

खिंडीच्या पलीकडे

सोमवारी मीराने रजा घेतली होती. आम्ही पहाटेच निघालो. वाटेतल्या खिंडीच्या खाली गाड्यांची ही रांग. मला वाटलं अपघात झाला असेल. मीरा म्हणाली, वरच्या उतारांवर रात्रभर बर्फ साठलाय. तो आपणहून रस्त्यावर येण्याआधी रस्तेवाले स्फोट करून पाडतायत. तेवढ्यात लांबून 'धुम्म' असा आवाज आला. पुढच्या गाडीतला माणूस शांतपणे सँडविच खात होता. लोकांनी ऑफिसला जावं म्हणून रोज सकाळी डोंगरावर स्फोट करणारा देश मी पहिल्यांदाच पाहिला.

तास दीड तासाने रस्ता सुटला. खिंड ओलांडली आणि पाऊस, ढग, धुकं सगळं पश्चिमेलाच राहिलं. पलीकडे निळंशार आभाळ आणि नाकातला केस गोठेल अशी थंडी. एका छोट्या गावात सकाळच्या खाण्याला थांबलो. अंडी, बटाट्याचा कीस तव्यावर खरपूस भाजलेला आणि वर माझ्या हट्टापायी सफरचंदाचा 'पाय', म्हणजे गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी. वाढणारी बाई माझ्याच वयाची होती. कुठे निघालात विचारलं, आम्ही ज्या तळ्यापर्यंत चालत जाणार होतो त्याचं नाव सांगितलं. तिने कॉफी ओतता ओतता मीराला म्हटलं, "जानेवारीतली साखर अजून खाली आहे, हनी. जपून."

मला वाटलं, काही तरी जुनी उधारी सांगतेय. मीराने गाडीत समजावलं. जानेवारीत बरेच दिवस कोरडी कडक थंडी होती. तेव्हा वरच्या बर्फाचे कण सुटे झाले, साखरेसारखे. मग त्यावर नवा बर्फ पडला, वाऱ्याने दाबला, त्याची लादी झाली. साखर अजून तशीच खाली आहे. हॉटेलात अंडी वाढणाऱ्या बाईला बर्फाचा कुठला थर कोणत्या महिन्यात पडला ते पाठ, आणि मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका!

गाडी लावल्यावर मीराने फोनवर त्या दिवसाचं हिमस्खलनाचं भाकीत पुन्हा एकदा वाचलं. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. त्या दिवशी तिसरी होती, नारिंगी.

"पाचात तीन म्हणजे मधलाच की," मी म्हटलं. "पास होण्यापुरता."

"आत्या, इथेच लोक फसतात. पाच असताना कोणी घराबाहेर पडत नाही. तीनला सगळ्यांना वाटतं, चालतंय." मग ती डोंगराकडे बघून हळू म्हणाली, "आय डोन्ट लव्ह इट टुडे."

"आवडेल गं, चालायला लाग," असं म्हणून मी तिच्या पाठीवर थाप मारली.

रानातून वर

पहिले दोन तास सुखाचे होते, हे सांगितलंच पाहिजे. पायात स्नोशूज, म्हणजे बुटांना बांधायच्या रुंद जाळ्या. बदकासारखं फेंगडं चालावं लागतं. श्री तीनदा आडवा झाला, मी एकदाच. दोन्ही बाजूंना उंच सूचिपर्णी झाडं, फांद्यांवर बर्फाचे ढीग. इतकी शांतता होती की स्वतःचा श्वास मोठा वाटत होता.

मध्येच रान संपलं आणि एक मोकळी उतरती पट्टी लागली. ऊन पडलेलं, समोर शिखरं. मी लगेच पाठीवरची पिशवी उतरवली. दशम्या, लसणाची चटणी, लिंबाचं गोड लोणचं, सगळं रेडमंडहून बांधून आणलं होतं. अशी जागा सोडून कुठे जेवायचं?

"आत्या, इथे नाही! चल, चल, चल!"

मीराने दंडाला धरून मला पलीकडच्या दाट झाडीत नेलं. तिथून तिने ती पट्टी दाखवली. मोठी झाडं नाहीत, नुसती कोवळी, सगळी एका उंचीची. कडेच्या झाडांना चढाकडच्या बाजूने फांद्याच नाहीत, घासून काढल्यासारख्या गेलेल्या. "धिस इज द पाथ. बर्फ इथूनच खाली येतो. दर काही वर्षांनी."

वनस्पतींवरून भूरूपं ओळखा, असा आख्खा धडा मी शिकवलेला आहे. ज्या जागेचा फोटो काढून मी साताऱ्याच्या ग्रुपवर टाकणार होते ती माझ्यासाठी मांडलेली पंगत नव्हती, मृत्यूची वहिवाट होती. दशम्या आम्ही सावलीत उभ्यानेच खाल्ल्या.

इथेच मी शहाणी व्हायला हवी होती.

तळ्याच्या अलीकडे

तळं समोरच होतं. म्हणजे एका उघड्या उताराच्या पलीकडे, शंभर पावलं असतील नसतील. उताराच्या कडेला झाडीत थांबून मीराने फावड्याने बर्फात छातीइतका खड्डा खणला. एक भिंत तासून गुळगुळीत केली आणि त्यावर बोट फिरवत मला खाली खाली नेलं. वर भुसभुशीत नवा बर्फ. मग घट्ट लादी, तिच्यात बोट शिरेना. आणि लादीच्या खाली वीतभर पट्टा असा की बोट लावताच कण भुरभुर गळायला लागले. तिने ते माझ्या हातमोज्यावर घेतले. रव्याहून जाड, चमचमणारे, एकाचा दुसऱ्याला काही संबंध नसलेले. मूठ वळायला गेले तर वळेना.

"एवढा सगळा भार यावर उभा आहे?"

"येस."

मग तिने भिंतीतून एक खांब सुटा कापला, त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि हाताने थापट्या मारल्या. आधी मनगटातून, मग कोपरातून. कोपराच्या तिसऱ्या थापटीला 'टप्' असा आवाज झाला आणि वरची सगळी लादी, जशी पाटावरून वडी सुटावी तशी, अख्खी माझ्या पायाशी आली. खाली साखर तशीच.

मीरा फावडं पुसत म्हणाली, "नको. आपण इथून परत जाऊ."

आता मी काय केलं ते लिहिते. त्याला कोणी दुसरं जबाबदार नाही.

मी म्हटलं, "अगं, समोर तर दिसतंय तळं." मी म्हटलं, "शुक्रवारी मी चालले. परत कधी येणार? या वयात?" उतारावर आमच्या आधी गेलेल्या दोन माणसांच्या पावलांची ओळ होती, ती दाखवून म्हटलं, "ते गेलेच ना?" मग श्री म्हणाला, "मीरू, आत्याची इतकी इच्छा आहे. वी विल बी क्विक." आणि तरीही ती हलेना तेव्हा मी हसत हसत तिला म्हटलं, "इतकी भित्री कुणावर गेलीस गं? आमच्या घरात तर कोणी नाही असं."

ही आमच्या घराची रीत आहे. लहानाने 'नको' म्हटलं तर ते थोडं लाडाने, थोडं टोमण्याने वळवायचं असतं. जेवायचा आग्रह करतो तसंच. समोरच्याचं 'नको' हे शेवटचं धरायचं, हे आम्हाला कोणी शिकवलेलंच नाही. मीराच्या मित्रमंडळींत नियम असा आहे की चौघांतल्या एकाने, अगदी नवख्याने जरी नको म्हटलं, तरी चौघं परत फिरतात, आणि का म्हणून कोणी विचारत नाही. हे तिने मला रेडमंडलाच सांगितलं होतं. पण ते मित्रांचं. मी आत्या होते.

तिने माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला अजून दिसतो. ती चिडली नव्हती. पाहुणीचं मन मोडायचं नाही म्हणून दमलेलं माणूस हो म्हणतं ना, तसा चेहरा.

"ओके. वन ॲट अ टाइम. मी आधी जाते. मी पलीकडे पोचून हात केल्याशिवाय झाडीतून हलायचं नाही. आणि नजर माझ्यावरून काढायची नाही."

ती निघाली. वीस पावलं. तीस. मी फोन काढत होते, फोटोसाठी.

आधी आवाज आला. पायाखालून आला, जमिनीने एकदम श्वास सोडावा तसा, 'वुम्फ'. मग मीराच्या बऱ्याच वर उतारावर एक काळसर रेघ उमटली, इकडून तिकडे, कोणी पेन्सिलीने ओढावी इतक्या वेगाने. आणि रेघेखालचा सगळा डोंगर हलला. त्याच्या लाद्या झाल्या, लाद्या एकमेकींवर चढल्या. मीरा वळली, दोन पावलं पळाली. तिची लाल टोपी वर दिसली, खाली गेली, पुन्हा वर दिसली. मग नुसता धुरळा.

तो खाली बसला तेव्हा समोर पांढऱ्या ढेकळांचं शेत होतं आणि त्यात माझी भाची नव्हती.

श्री "मीरू, मीरू" ओरडत होता. मग कुठून तरी तिचाच आवाज आठवला, शोधवर न्यायचं. बटण फिरवलं. टोपी शेवटची दिसली होती त्याच्या खाली धावले. वर अजून बर्फ आहे, तोही येईल, हा विचार मनात आलाच नाही. यंत्रावर आकडा आला: दोन. मी जिथल्या तिथे गुडघे टेकून हातांनी उकरायला लागले. मग आकडा एक झाला, मग पुन्हा दोन. मला काही कळेना. वर बघितलं तर श्री माझ्याभोवती फेऱ्या मारत होता. त्याचं बीकन अजून संदेशच सोडत होतं. मी माझ्या भावाला शोधत होते!

"श्री! तुझं फिरव! बटण फिरव!"

त्याला बटण सापडेना. तो चहा करायला गेला होता ना. मी त्याच्या छातीवरचं यंत्र ओढून स्वतः बंद केलं. केवढा वेळ गेला देव जाणे.

मग माझ्या यंत्रावर खरा आकडा आला. अडतीस. बाण खाली, डावीकडे. तीस. एकवीस. स्नोशूज ढेकळांत अडकत होते, मी पडत होते. नऊ. चार. यंत्र बर्फाला टेकवून पुढे-मागे सरकवलं, एक पूर्णांक एक. श्रीने सळई जोडली होती, त्याला तेवढं जमलं. मी खुपसली. काही नाही. वीतभर बाजूला. काही नाही. पाचव्या की सहाव्या वेळी सळई थांबली. दगडावर थांबते तशी नाही. मऊ.

आम्ही दोघांनी खणलं. घसरून थांबलेला बर्फ भुसभुशीत राहत नाही, सिमेंटसारखा बसतो, फावडं आपटून तुकडे काढावे लागतात. आधी केस दिसले. मी हातमोजे फेकून नखांनी तिचं तोंड मोकळं केलं. ओठ जांभळे, डोळे मिटलेले, नाकाशी बर्फाचा गोळा. तो काढला. काहीच झालं नाही. मी तिला हाक मारली नाही. मी म्हटलं, "चुकले गं, चुकले." एवढंच, पुन्हा पुन्हा.

मग ती खोकली.

परत

खालून वर येणारे दोन स्कीवाले आवाज ऐकून धावत आले होते. त्यांनी तिचा डावा हात बांधला, तिला गरम पाणी पाजलं आणि आमच्याबरोबर गाडीपर्यंत उतरले. कोणी आम्हाला दोष दिला नाही. त्यातला दाढीवाला फक्त म्हणाला, तुम्ही तिला शोधलंत, तेच महत्त्वाचं. माझ्या मनात आलं, बाबा रे, ही हरवली तीही माझ्याच हट्टापायी.

गळ्याखालचं, खांद्याकडे जाणारं हाड मोडलं होतं, दोन बरगड्यांना चीर होती. तासभर आम्ही हॉस्पिटलच्या बाकावर बसून होतो. श्रीने साताऱ्याला घरी फोन केला. रडत होता. मी केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

दुसऱ्या दिवशी रेडमंडला मीरा सोफ्यावर उशांच्या आधाराने बसली होती. मांडीवर लॅपटॉप, एका हाताने टाइप करत होती. काय करतेस विचारलं तर म्हणाली, रिपोर्ट. डोंगरात बर्फ घसरला, कोणी त्यात अडकलं, की ते हिमस्खलनाचं भाकीत करणाऱ्यांना लिहून कळवायचं. ते सगळ्यांना वाचायला मिळतं. नाव द्यावं लागत नाही.

"म्हणजे आपली चूक आपणच जाहीर करायची?"

"येस. नाहीतर पुढच्या माणसाला कसं कळणार?"

मला दुसरा धक्का हा बसला. आमच्याकडे असं झालं असतं तर आम्ही देवाला नारळ फोडला असता, 'वाचली पोर' म्हणून पेढे वाटले असते, आणि कोणी विचारलंच तर 'पाय घसरला' म्हणालो असतो. माझ्या हट्टाचा उल्लेख घरातल्या घरातसुद्धा झाला नसता. मोठ्यांची चूक आम्ही असंच करून सांभाळून नेतो.

मी तिच्या शेजारी बसून वाचलं. थर किती, उतार किती, लादी कुठे तुटली, सगळं नीट लिहिलं होतं. खाली प्रश्न होता, धोका दिसत असताना पुढे जाण्याचा निर्णय कसा झाला? तिथे तिने लिहिलं होतं, 'निर्णय माझा होता.'

"हे खोड," मी म्हटलं.

"आत्या, इट्स फाइन."

"खोड म्हणते ना. लिही. ती नको म्हणाली होती. तिच्या आत्याने ऐकलं नाही. तिला भित्री म्हटलं."

मग तिने खोडलं, आणि मी सांगितलं तसं एकेक अक्षर लिहिलं. लिहून झाल्यावर माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "आत्या, खरं सांग हं. मी अजून एकदा नको म्हटलं असतं, तर तू परत फिरली असतीस?"

'हो' म्हणणं इतकं सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं, मलाही.

"नाही," मी म्हटलं. "नसते फिरले."

मीराने मान हलवली आणि तेही लिहिलं.